धागा: जिप्सी किंगच्या जी१३बीबी इंजिनासाठी घरी बनवायचा ४-१ एक्झॉस्ट मॅनिफोल्ड – मापं, टिग, आर्गन आणि फ्लँज

चिखलगाडी
इंजिन जी१३बीबी, १२९८ सीसी, बोअर ७४, स्ट्रोक ७५.५ मिमी. गाडी रस्त्यावर चालत नाही, ट्रेलरवर चढवून ऑटोक्रॉसच्या शर्यतीला जाते. मूळ बिडाचा मॅनिफोल्ड काढून चार वेगळ्या नळ्या एका कलेक्टरमध्ये आणायच्या आहेत. कॅमच्या कागदावर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बीडीसीच्या (पिस्टन सर्वांत खाली असतो ती जागा) ५० अंश आधी उघडतो असं आहे. जोर ६५०० आरपीएमच्या आसपास हवा.

हाताशी काय आहे: २०० अँपिअरचं डीसी इन्व्हर्टर टिग, म्हणजे टंगस्टनचं टोक आणि आर्गनवर चालणारं वेल्डिंग (एचएफ स्टार्ट म्हणजे न टेकवता ठिणगीनं आर्क सुरू होतो, पल्स आहे, अँपिअर कमी-जास्त करायचं पायाचं पेडल नाही), ७ घनमीटरचा आर्गन सिलिंडर, १४ इंची चॉप सॉ, बेंच ग्राइंडर.

विचारायचं आहे ते असं. नळी किती व्यासाची, किती लांब? एसएस (स्टेनलेस) ३०४ घ्यावं की साधं एमएस (माइल्ड स्टील)? आतून आर्गन सोडायलाच लागतो का? आणि फ्लँज, म्हणजे हेडला बोल्टनी बसणारी प्लेट, वाकू नये म्हणून काय करता?

मापाडी
आधी आकडा काढा, मग दुकानात जा.

लांबीचा जुना ठोकताळा: १८० मध्ये व्हॉल्व्ह बीडीसीआधी जितके अंश उघडतो ते मिळवा, ८५० ने गुणा, आरपीएमने भागा, त्यातून ३ वजा. उत्तर इंचात येतं. तुमच्याकडे २३० × ८५० ÷ ६५०० = ३०.०८, वजा ३ म्हणजे २७.०८ इंच, ६८८ मिमी. ही लांबी व्हॉल्व्हपासून कलेक्टरच्या तोंडापर्यंतची आहे, फ्लँजपासूनची नाही. पोर्टमध्ये वाकवलेली तार घालून हेडमधला भाग मोजा आणि तेवढा वजा करा. बहुतेक जण इथेच चुकतात आणि नळ्या लांब होतात.

व्यास: एका सिलिंडरचे ३२४.५ सीसी. (२७.०८ + ३) × २५ = ७५२. ३२४.५ भागिले ७५२, त्याचं वर्गमूळ ०.६५७, गुणिले २.१ = १.३८ इंच, म्हणजे आतून ३५ मिमी. बाजारात ३८.१ मिमी बाहेरचा व्यास आणि १.६ मिमी जाडीची नळी मिळते, आतून ३४.९. दुसरं काही शोधू नका.

बेंड ५७ मिमी त्रिज्येचे घ्या. या त्रिज्येत मधल्या रेषेवर एक अंश म्हणजे जवळपास बरोबर एक मिलिमीटर. ९० चा बेंड ८९.५ मिमी भरतो. नळी १२ मिमी जास्त झाली तर त्या बेंडचे कुठले १२ अंश कापता येतील एवढाच विचार करायचा, गणित आपोआप सुटतं. चारही नळ्यांत १५-२० मिमी फरक राहिला तर या कामात कळणारही नाही. त्यासाठी जागेचा बळी देऊ नका.

भट्टीतला_मामा
धातूचं मी सांगतो.

साधं ३०४ नको, ३०४एल मागा. ३०४ मध्ये कार्बन ०.०८ टक्क्यांपर्यंत असतो, एल मध्ये ०.०३ च्या आत. साधारण ४२५ ते ८६० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात क्रोमियम कार्बनशी जाऊन बसतं, कणांच्या कडा क्रोमियमविना उघड्या पडतात आणि जोडाच्या बाजूची पट्टी तिथून गंजते, चिरते. मॅनिफोल्डचं सगळं आयुष्य याच पट्ट्यात जातं. कार्बन कमी असला की हे सावकाश होतं, थांबत नाही. थांबवायचं तर ३२१, त्यात टायटॅनियम असतं. पण ३२१ च्या नळ्या किरकोळीत मिळणं कठीण. नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड, म्हणजे टर्बो नसलेल्या, १३०० सीसीला ३०४एल पुरतं.

फिलर (जोडात वितळवून घालायची तार): ३०४एल ला ३०८एल. ३२१ घेतलं तर ३४७, कारण फिलरमधलं टायटॅनियम आर्कमधून जोडात पोचेपर्यंत बरंचसं जळतं, ३४७ मधलं नायोबियम टिकतं. एसएस आणि एमएस एकत्र येतील तिथे ३०९एल. ३०८एल ने एमएसला जोडलंत तर एमएसचं लोखंड मिसळून जोड पातळ होतो आणि मार्टेन्साइट तयार होतं. ते काचेसारखं कडक. थंड होताना नाही तडकलं तर पहिल्या गरम-थंडच्या फेऱ्यांत तडकतं.

एमएसचं म्हणाल तर वाईट काही नाही. एमएस ३०४ पेक्षा तिप्पट वेगानं उष्णता वाहून नेतं आणि कमी फुगतं, त्यामुळे शिकायला सोपं. पण लाल तापलं की पापुद्रे सुटतात आणि १.६ ची भिंत दर मोसमाला बारीक होते. एमएस करायचं तर २ मिमी जाडी घ्या. गॅल्व्हनाइज्ड पाइपला मात्र हातही लावू नका. जस्ताचा धूर विषारी, आणि वितळलेलं जस्त स्टेनलेसच्या कणांत घुसून त्याला उभा चिरतं.

उद्यमनगर
मामा म्हणतात ते खरं, पण दुकानात "३०४एल" म्हणून जे देतात ते काय असतं कुणास ठाऊक. मुंबईत गुलालवाडीत घ्या नाहीतर कोल्हापुरात, टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि नळीवरचा हीट नंबर (धातूच्या घाण्याचा नंबर) त्याच्याशी जुळवून बघा. चुंबक लावून स्वस्त स्टेनलेसची २०० ची मालिका ओळखू येत नाही, तीही चिकटत नाही. मॉलिब्डेनम किटचा थेंब फक्त ३१६ ओळखतो. २०० मालिकेतलं मँगनीज धरणारं वेगळं किट मिळतं, ते घ्या.

आणि डेअरीच्या पाइपलाइनची पॉलिश नळी आणि बेंड मिळाले तर सोडू नका. आतून सीम चोख असते, दीड इंची नळीचा व्यास ३८.१ च असतो.

चिखलगाडी
धन्यवाद. ३०४एल, ३८.१ × १.६ ठरलं. फ्लँजही एसएसचा घ्यावा का? एका ठिकाणी वाचलं की अ‍ॅल्युमिनियमचं हेड जास्त फुगतं, म्हणून त्याच्या जवळ जाणारं एसएस बरं.

भट्टीतला_मामा
हो, अ‍ॅल्युमिनियम २३, एसएस १७, एमएस १२, मीटरला अंशामागे मायक्रोमीटर. एसएस मधोमध बसतं.

मापाडी
मामा, तापमान धरलं नाहीत. हेडमध्ये पाणी फिरतं, ते ८० अंशांनी वाढेल. फ्लँज सहज ३०० अंशांनी वाढतो. टोकापासून टोकापर्यंत ३३० मिमी धरा. हेड फुगलं ०.६ मिमी. एमएसचा फ्लँज १.२, एसएसचा १.७. म्हणजे जास्त फुगतोय फ्लँजच, आणि एमएस हेडच्या जास्त जवळ राहतं. नुसते गुणांक शेजारी ठेवून निवड केली की उलटं उत्तर येतं.

भट्टीतला_मामा
मान्य. मग फ्लँज एमएस, १२ मिमी, आयएस २०६२ ची प्लेट, जोड ३०९एल ने. स्टडची भोकं मात्र सगळी सारखी ठेवू नका. एम८ स्टडला मधली दोन ८.५, पुढची ९, टोकाची ९.५ ते १०. फ्लँजला सरकायला जागा मिळते, स्टड तुटत नाहीत.

सांधेवाला_चिंचवड
फ्लँजवर इतकं आलंच आहे तर पूर्ण सांगतो, कारण घरच्या मॅनिफोल्डची गळती दहातली नऊ वेळा इथूनच.

नवं गॅस्केट स्कॅन करा, त्यावरून लेझर कटिंगवाल्याला फाइल द्या. पोर्टचा आकार गॅस्केटपेक्षा अर्धा-एक मिमी आत ठेवू नका, उलट तेवढा मोठा ठेवा. हेडमधून येणाऱ्या वायूच्या वाटेत पायरी आडवी येता कामा नये. उलट्या बाजूची पायरी चालते.

वेल्डिंगला लागायच्या आधी फ्लँज २० ते २५ मिमीच्या प्लेटवर सगळ्या बोल्टनी आवळा. भंगारातलं जुनं हेड मिळालं तर त्याहून बरं, नळ्यांचे कोनही तिथेच जुळवता येतात. मात्र फ्लँज आणि हेडच्या मध्ये १ मिमीचा पत्रा घाला, नाहीतर अ‍ॅल्युमिनियमवर आर्क उडतो.

क्रम: पोर्ट १ चा वरचा चतुर्थांश, मग ४ चा खालचा, मग २ चा वरचा, ३ चा खालचा. पुन्हा पहिल्यावर येण्याआधी फ्लँजवर हात ठेवता आला पाहिजे. सलग एक पोर्ट संपवलात तर तो भाग आकसतो आणि फ्लँज केळ्यासारखा वाकतो, टोकं नळ्यांच्या बाजूला येतात. सगळं झाल्यावर गार होईपर्यंत बोल्ट सोडू नका. घाई केली की डोळ्यांदेखत उघडतो.

एवढं करूनही ०.३ ते ०.५ मिमी वाकणारच. म्हणूनच १२ ची प्लेट. मिलिंगवर किंवा सरफेस ग्राइंडरवर तोंड सपाट करून घ्या. सरळ पट्टी आणि फीलर गेज लावा, ०.१ मिमीचं पातं कुठेही जाता कामा नये. शेवटी पोर्टांच्या मधला भाग हॅकसॉने कापून चार फ्लँज सुटे करा, किंवा निदान खालून अर्ध्यापर्यंत चीर द्या. कापणं फेसिंगनंतर, आधी नाही.

कोकणगिअर
मिलिंगवाला १२ मिमीच्या तुकड्यासाठी मशीन रिकामं करून देत नाही ओ. बेल्ट सँडरवर चालतं का?

सांधेवाला_चिंचवड
०.२ पर्यंत चालतं. काचेवर ८० नंबरचा एमरी चिकटवून आठच्या आकारात घासा, निळी शाई लावून उंच भाग बघत राहा. त्यापुढे हात दुखतील आणि कडा गोल होतील, सपाट काही होणार नाही. सिलिंडर हेडचं फेसिंग करणाऱ्याकडे न्या. तो नळ्यांसकट आडवं बांधून देतो, त्याला सवय असते.

आर्गनवाला
आता आतल्या गॅसबद्दल. स्टेनलेसला आतून आर्गन हवाच. नाही सोडला तर जोडाच्या मागं काळी, दाणेदार फुलं येतात, त्याला शुगरिंग म्हणतात. तो ऑक्साइड आहे, ताकद शून्य. १.६ च्या भिंतीतला अर्धा-पाऊण मिमी त्यात गेला की उरलेल्यावर भार येतो, वर तिथे नखासारखी खाच तयार असते. टर्बोवर तर ते दाणे सुटून टर्बाइनच्या पात्यांवर जातात.

एका नळीच्या आत ६०० मिमी लांबीला ०.५७ लिटर हवा असते. तिच्या सहापट आर्गन घाला, म्हणजे साडेतीन लिटर. फ्लोमीटर ८ लिटरवर ठेवून एक मिनिट थांबलात की पुरे. मग ३ ते ४ लिटरवर आणा आणि वेल्ड करा. आर्गन हवेपेक्षा जड, तेव्हा नळी तिरकी धरून खालच्या टोकातून आत सोडा आणि वरच्या टोकाला २-३ मिमीचं भोक ठेवा. टोकं अ‍ॅल्युमिनियमच्या चिकटपट्टीनं बंद करा. ज्या जोडांवर अजून नुसते टाके (जागच्या जागी धरणारे छोटे वेल्ड) आहेत तिथेही पट्टी लावा, नाहीतर हवा ओढली जाते.

वरचं भोक बुजलं की आतला दाब वाढतो आणि शेवटचे ५-१० मिमी बंद करताना वितळलेला धातू तोंडावर फुगून फुटतो. शेवटच्या टोकाला तसं झालं की लोक अँपिअर कमी करत बसतात. अँपिअरचा संबंध नसतो, भोक बघा.

पर्जला, म्हणजे आतल्या आर्गनला, वेगळा फ्लोमीटर घ्या. एकाच फ्लोमीटरनंतर वाय लावून दोन नळ्या काढल्या की टॉर्चचं बटण दाबताच आतला गॅस घटतो.

हिशोब: सिलिंडरमध्ये ७००० लिटर. टॉर्चला ९, आत ४, मिनिटाला १३. नऊ तास गॅस चालतो. एका मॅनिफोल्डला त्याचा तिसरा हिस्साही लागत नाही. तिथे काटकसर करून काय मिळवणार?

कोकणगिअर
पाठीमागे लावायची फ्लक्स पेस्ट मिळते, ती?

आर्गनवाला
सायलेन्सरच्या मागच्या नळीला चालेल. मॅनिफोल्डला नको. तिची काच आत राहते, ती काढायला हात पोचत नाही आणि गरम झाल्यावर सुटून लॅम्बडा सेन्सरवर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) जाते.

चिखलगाडी
सेटिंग सांगा कुणीतरी. पेडल नसल्यानं धास्ती आहे.

सांधेवाला_चिंचवड
टॉर्च निगेटिव्हला. टंगस्टन १.६ मिमी, लँथेनेटेड २ टक्के. लाल टोकाचं थोरिएटेड टाळा, घासताना धूळ नाकात जाते आणि ती किरणोत्सारी असते. टोक लांबीच्या दिशेनं घासा, आडव्या रेषा राहिल्या की आर्क भटकतो. व्यासाच्या अडीचपट लांब निमुळतं. दगड फक्त टंगस्टनसाठी राखीव.

गॅस लेन्स, म्हणजे गॅस एकसारखा सोडणारी जाळी, घ्याच. आठ नंबरचं नोझल म्हणजे तोंड १२.७ मिमी, ८-९ लिटर. दोन नळ्यांच्या बेचक्यात टंगस्टन १५ मिमीपर्यंत बाहेर काढावं लागतं, तिथे जाळीविना साधं कॉलेट बॉडी (टंगस्टन धरणारा भाग) चालत नाही.

नळीला नळी, १.६ ला १.६: ५० ते ५५ अँपिअर, फिलर १.२ मिमी, फट शून्य. पल्स लावायचा तर शिखर ७०, तळ २५, सेकंदाला दीड ठोका, ४० टक्के वेळ वर. ठोक्याला थेंब द्यायचा आणि पुढं सरकायचं. पेडल नसलेल्याला हा पल्स फार उपयोगी, हात आपोआप तालात येतो.

नळी ते फ्लँज: ९५ ते ११०, फिलर १.६. आर्कचं तोंड दोन तृतीयांश फ्लँजवर. वितळलेल्या धातूचं पाणी फ्लँजवर तयार करून नळीच्या कडेला नुसतं चाटवायचं. नळीकडे रोखलंत तर भोक.

बटण ४टी वर ठेवा (दाबून सोडलं तरी आर्क चालू राहतो), डाउनस्लोप (शेवटी अँपिअर हळूहळू उतरणं) ४ सेकंद, पोस्टफ्लो (आर्क विझल्यावरचा गॅस) ८ ते १०. आर्क विझल्यावर टॉर्च जागचा हलवू नका. डाउनस्लोपशिवाय तोडलं की खड्ड्याच्या मध्यात ताऱ्यासारखी चीर पडते. ती वरून भरून जात नाही, घासूनच काढावी लागते.

रंग बघा. फिकट सोनेरी ते गुलाबी-तांबूस उत्तम, निळा चालेल, करडा आणि खरबरीत म्हणजे फार गरम किंवा गॅस कमी. पंखा बंद ठेवा, खिडकी उघडी ठेवा.

मापाडी
"फट शून्य" यावर एक ओळ वाढवतो. १.६ च्या नळीत अर्धा मिमी फट भरताना उष्णता दुप्पट जाते आणि नळी तेवढीच त्या बाजूला ओढली जाते. चॉप सॉचा काप कधीच पुरता सपाट नसतो. डिस्क सँडरवर टेकवा, दोन्ही तोंडं दिव्यासमोर धरा. उजेड दिसला तर परत घासा. बेंडच्या कमानीत कापलेली नळी थोडी अंडाकृती होते, ती व्हाइसमध्ये हलकी दाबून गोल करा, मगच जुळवा.

चिखलगाडी
टाके मारून झाले. नळी ३ च्या दोन जोडांवर १ मिमी फट राहतेय आणि नळी २ चा खालचा नट पान्यात येत नाही. फट फिलरनं भरू की कापू?

उद्यमनगर
नट आधी. नट फिरत नसेल तर वेल्ड कितीही देखणा असू दे, उपयोग नाही. रिंग पाना बारा बिंदूंचा असेल तर पुढचा कोपरा पकडायला ३० अंश फिरायला हवा. तेवढी जागा नसेल तर नळीचा पहिला बेंड १०-१२ मिमी पुढं सरकवा, मध्ये सरळ तुकडा घाला. बेचक्यात बॉक्स पाना उभा जाईल असंही बघा.

बाकी कुठं टेकतंय ते इंजिन हलवून बघा. माउंटवर इंजिन झोल खातं, तेव्हा चेसिस, स्टीअरिंग शाफ्ट आणि स्टार्टरपासून २५ मिमी मोकळं हवं. ऑइल फिल्टर हातानं सुटला पाहिजे. ब्रेकची नळी जवळ असेल तर मध्ये पत्र्याची ढाल.

सांधेवाला_चिंचवड
१ मिमी असेल तर कापा. त्या जोडाचे टाके घासा, एक तोंड सँड करा, नळी एक-दीड अंश फिरवून बघा. बहुतेक वेळा फट एकाच बाजूला असते, म्हणजे कोन चुकलाय, लांबी नाही.

आणि टाके गाडीवर मारत असाल तर बॅटरीची दोन्ही टोकं आणि ईसीयूचा (इंजिनच्या संगणकाचा) प्लग काढा, अर्थ फ्लँजवर लावा, एचएफ बंद करून लिफ्ट स्टार्टवर, म्हणजे टंगस्टन टेकवून उचलत, आर्क सुरू करा. एचएफ वायरिंगमधून कुठं जाईल सांगता येत नाही. पूर्ण वेल्ड नेहमी टेबलावर.

लॅम्बडा
सेन्सरचा बंग (तो बसवायची आटेवाली कडी) एम१८ × १.५. कलेक्टरनंतर, चारही नळ्यांचा वायू मिसळलेल्या जागी. आडव्या रेषेपेक्षा निदान १० अंश वर झुकलेला, म्हणजे गार इंजिनातलं पाणी सेन्सरच्या पोटात साचणार नाही. वेल्ड करताना बंगमध्ये जुना सेन्सर किंवा पितळी प्लग फिरवून ठेवा, आटे आकसत नाहीत.

सेन्सरच्या आधी कुठे बारीक गळती असेल तर दोन स्फोटांच्या मध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण पातळ वाटतं आणि ईसीयू पेट्रोल वाढवत जातो. प्लग काळे दिसले की आधी साबणाचं पाणी लावून गळती बघा, मग ईसीयूतला पेट्रोलचा नकाशा.

उद्यमनगर
कलेक्टरवर कुणी बोललं नाही. चार नळ्या चौकोनात बांधल्या की मध्ये काटेरी चौकट उरते. तिथून वायू निसटतो आणि चिरेची सुरुवातही तिथेच. प्रत्येक नळीचं टोक एकमेकांना काटकोनात असलेल्या दोन कापांनी छाटायचं, चारही टोकं जुळली की आत पिरॅमिड तयार होतो. पिरॅमिडच्या चार रेघा आतून, मोठ्या तोंडाकडून वेल्ड करा, बाहेरचा शंकू चढवण्याआधी. फ्लँजच्या बाजूनं जो चौकोनी खळगा राहतो त्यावर १.६ चा छोटा पत्रा. तेही पर्ज ठेवून.

नळ्या कलेक्टरला पक्क्या करायच्या की सरकत्या? सरकत्या कराव्यात असं माझं मत. नळी कलेक्टरच्या बाहीत ३५-४० मिमी आत जाते, दोन स्प्रिंगांनी धरते. ४०० मिमीचा ३०४ चा तुकडा ६०० अंशांनी तापला की ४ मिमीच्या वर वाढतो. चारही नळ्या वेगवेगळ्या तापतात, ती वाढ कुठंतरी जाणारच. थोडं ठिबकतं सुरुवातीला, काजळीनं बंद होतं.

लॅम्बडा
आणि माझा सेन्सर? सरकता जोड त्याच्या आधी आला की तीच खोटी हवा.

उद्यमनगर
बरोबर. सेन्सर ठेवायचा तर जोड पक्का करा आणि चार फ्लँज सुटे करा. दोन्हींपैकी एक तरी मोकळं पाहिजे.

घाटरस्ता
मध्येच विचारतो. माझी बोलेरो रोजच्या वापरातली आहे. तिला असंच बनवून टर्बोचा मॅनिफोल्ड करता येईल का?

मापाडी
रोजच्या रस्त्यावरच्या गाडीला नको. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत बदल करू देत नाही. इन्शुरन्सवालाही हात वर करेल. शर्यतीच्या गाडीसाठी टर्बो करायचा असेल तर जाडी वेगळी: शेड्यूल १० (पाइपच्या जाडीचा दर्जा) चे बटवेल्ड एल्बो, सव्वा इंची म्हणजे ४२.२ बाहेर, भिंत २.७७ मिमी. कडांना ३०-३५ अंशांचा उतार, दीड मिमी फट, रूट, म्हणजे तळाचा पहिला थर, ७५-८५ अँपिअरनं, मग वर एक पास. दोन पासांच्या मध्ये १५० अंशांच्या खाली येऊ द्या.

सांधेवाला_चिंचवड
आणि टर्बोचं वजन मॅनिफोल्डवर लोंबू देऊ नका, ब्लॉकला आधार द्या.

तडे गेलेले मॅनिफोल्ड येतात, त्यांत तडा कुठं आहे त्यावरून कारण कळतं. लिहून ठेवा.

जोडाच्या मधून सरळ रेघ: फिलर न घालता नुसतं वितळवून जोडलंय, किंवा तळापर्यंत पोचलंच नाही. १.६ ला बिनफिलरचं चालतं असं सांगणारे बरेच आहेत. मॅनिफोल्डला तो जोड बारीक आणि खोलगट राहतो.

जोडाच्या काठाला लागून, नळीच्या बाजूला: अंडरकट, म्हणजे काठाला पडलेली न भरलेली खाच. फ्लँजजवळ हे सर्वांत जास्त. अँपिअर नळीवर गेलं, फिलर उशिरा पडलं.

जोडापासून ३-४ मिमी दूर, समांतर, कडेला गंजाची रेघ: मामांनी सांगितलेलं कार्बनचं प्रकरण. साधं ३०४ आणि सावकाश, फार तापवून केलेलं काम.

जोडाला आडव्या बारीक भेगा: तांबं किंवा जस्त लागलंय. तांब्याची पट्टी नळीवर घासली, गॅल्व्हनाइज्ड क्लॅम्प लावला, जस्त असलेल्या रंगाच्या मार्करनं खूण केली. हे घासून पुन्हा भरलं तरी परत येतं. तुकडा बदला.

नळीच्या मध्ये, जोडाशी संबंध नाही: कंपन. आधार नाही, किंवा कलेक्टरनंतर लवचीक बेलो नाही.

दुरुस्तीआधी तड्याच्या दोन्ही टोकांना २.५ मिमीचं भोक, मग घासून काढा. आतून काजळी असेल तर ती जोडात मिसळते, म्हणून आत हात पोचत नसेल तर तुकडाच कापा.

कोकणगिअर
फायबरची पट्टी गुंडाळली तर बॉनेटखाली गार राहतं. ते का कुणी सांगत नाही?

भट्टीतला_मामा
नळी गार राहत नाही ना पण. उष्णता आत कोंडते, भिंत आणखी तापते, कार्बनच्या पट्ट्यात जास्त वेळ बसते. वर पट्टीत चिखल, पाणी, मीठ मुरतं. चिखलगाडीला तर अजिबात नको. बॉनेटखाली पत्र्याची ढाल करा, १५ मिमी हवा सोडून.

आर्गनवाला
दोन गोष्टी राहिल्या, दोन्ही जिवाच्या. ब्रेक क्लीनरनं नळी पुसून वेल्ड करू नका. त्यात क्लोरीनवालं द्रावण असेल तर आर्कच्या उजेडात फॉस्जीन होतो, आणि फॉस्जीनचा त्रास काही तासांनी कळतो, तेव्हा उशीर झालेला असतो. अ‍ॅसिटोन वापरा, चिंधी दूर ठेवा, वाळू द्या. दुसरं, बंद गॅरेजमध्ये खड्ड्यात उतरून काम करताना आर्गन खाली साचतो, श्वासाला हवा उरत नाही. वास नाही, रंग नाही.

स्टेनलेसच्या धुरात क्रोमियम असतं. डोकं धुराच्या वाटेतून बाहेर, पी१०० गाळणीचा मुखवटा. काच १० नंबर.

आणि ब्रश स्टेनलेसचा, नवा. एमएसवर वापरलेला ब्रश नाही की एमएस कापलेलं चाकही नाही. लोखंडाचे कण रुततात आणि आठवड्यात ठिपके उमटतात.

चिखलगाडी
फट कापून नीट केली, नट आता पान्यात येतो. चारही नळ्या वेल्ड झाल्या, फ्लँज फेसिंगला जातोय. गाडीवर चढवण्याआधी तपासणी कशी?

सांधेवाला_चिंचवड
पोर्टांवर रबर आणि पट्टी आवळून तोंडं बंद करा, कलेक्टरला हवेचं कनेक्शन. ०.३ ते ०.५ बार, त्याच्या वर नाही, नाहीतर बंद केलेली पट्टी गोळीसारखी सुटते. साबणाचं पाणी. बुडबुडा दिसला तर खूण करा, हवा सोडा, तिथे घासून परत भरा. वरून लोणी लावल्यासारखा थर चढवू नका.

उद्यमनगर
चढवताना नवं गॅस्केट, स्टडला निकेलचं अँटीसीझ (आटे अडकू नयेत म्हणून लावायची पेस्ट). मधून बाहेर आवळायचं, मॅन्युअलमधल्या टॉर्कला, दोन फेऱ्यांत. पहिल्यांदा सुरू करून पूर्ण तापू द्या, पूर्ण गार होऊ द्या, मग परत आवळा. असं तीनदा. गरम असताना आवळू नका, एम८ अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांतून बाहेर येतो.

कलेक्टरच्या खाली आधाराची पट्टी बेल हाउसिंगच्या बोल्टवर घ्या, चेसिसवर नाही. इंजिन हलतं, चेसिस हलत नाही. बेलो त्या पट्टीच्या पुढं.